हँडलचा मूव्ही कॅमेरा चालवायचा असेल तर आधी हात बसवा

मूकपटांच्या काळातल्या 35 एमएम कॅमेऱ्याला ना मोटर ना बॅटरी, हँडल फिरवणारा हात हीच मोटर. बहुतेक कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला 8 फ्रेम जातात, सेकंदाला दोन फेरे मारले की 16 फ्रेम, म्हणजे बरोबर एक फूट फिल्म. मोबाईलवर तबल्याचं ॲप 120 च्या लयीला लावा आणि दर मात्रेला एक फेरा, असा रिकामा कॅमेरा फिरवत राहा, हात वर जाताना जड आणि खाली येताना सैल पडतो, तो फरक जाईपर्यंत फिल्मला हात लावू नका. हँडल अडत असेल तर जोर अजिबात नको, गिअरचे दात जातील, आधी जाणकाराकडून साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या.

फिल्म घ्यायच्या आधी तिच्या कडेची भोकं बघा, दातेरी चाक आणि पंजा त्यांतच अडकून फिल्म ओढतात. लुमिएर बंधूंच्या 1895 च्या कॅमेऱ्याला दर फ्रेमला दोन्ही बाजूंना एकेकच गोल भोक लागायचं, आजच्या फिल्मला 4-4 असतात, ती त्यात चालणारच नाही. आणि कॅमेऱ्यासोबत जुना रोल सापडला तर तो नायट्रेट या जुन्या प्लास्टिकचा असू शकतो, भयंकर पेट घेतो, घरात ठेवू नका, पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लूप. दातेरी चाक फिल्म सलग ओढतं पण गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या खिडकीत, मात्र ती थांबत थांबत पुढे जायला हवी, एक फ्रेम थांबते, शटर उघडतं, प्रकाश पडतो, शटर बंद, मग पंजा पुढची फ्रेम खाली ओढतो. हे दोन्ही जमायला गेटच्या वर आणि खाली फिल्म सैल सोडावी लागते, तोच लूप. लूप छोटा पडला की फिल्म फाटते, फार मोठा झाला की आत घासते. गेटमध्ये केस किंवा कचरा नाही ना तेही बघा, मग दार लावा.

ट्रायपॉड जड घ्या, कारण फिरवणाऱ्या हाताचा प्रत्येक धक्का फ्रेममध्ये दिसतो. हात मंदावला की पडद्यावर माणसं पळतात आणि निगेटिव्हवर प्रकाशही जास्त पडतो, त्यामुळे मुद्दाम हळू फिरवायचं असेल तर लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र (ॲपर्चर) थोडं लहान करा.

एकेक फ्रेम घेऊनही कमाल होते. फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टिपली होती. बऱ्याच कॅमेऱ्यांना त्यासाठी वेगळा दांडा असतो, एक फेरा एक फ्रेम. पहिल्या 100 फुटांतले थोडे त्यासाठी नक्की राखून ठेवा, नेहमीच्या वेगाने ते 100 सेकंदांतच संपतात.