उंदराने कुरतडलेली वाफेची नळी

पावसात गाडी पंधरा दिवस डिचोलीला अंगणात फणसाखाली उभी. बाहेर काढली तर दोन दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा, मागच्या चाकाशी पेट्रोलचा वास. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०४५५, म्हणजे टाकीतल्या वाफेची मोठी गळती. एका गॅरेजवाल्याने न बघताच कॅनिस्टर बदलायला सांगितलं. टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा तो डबा सहसा इतक्यात जात नाही, म्हणून मी थांबलो.

टाकीच्या झाकणाची रबरी रिंग शाबूत होती. डब्यातली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह काढून नळीने फुंकलं. करंट नसताना हवा जाता कामा नये, गेली नाही. शेवटी म्हापशात धुराची टेस्ट, म्हणजे नळ्यांत धूर भरून तो कुठून निसटतो ते बघायचं. मेस्त्री म्हणाला, "दाब अगदी कमी ठेवूया काका, काँप्रेसर लावला तर चांगलं आहे तेही फुटेल." मिनिटभरात टाकी-कॅनिस्टरमधल्या नळीतून धुराची बारीक शेंडी. टॉर्च मारला तर उंदराच्या दातांच्या दोन ओळी!

वीतभर नळी, पण पेट्रोलचीच घेतली, पाण्याची फुगते. कोड पुसून टाकी निम्मी ठेवली, कारण फुल्ल किंवा रिकाम्या टाकीवर गाडी वाफेच्या गळतीची तपासणी करतच नाही. दिवा परत आला नाही. फणसाखाली आता पिंजरा ठेवलाय.