शुद्धलेखनाच्या चुका बघून डोकं फिरतं? कधी फिरू द्यायचं आणि कधी नाही

आधी माझा एक किस्सा सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरी वायरमन यायचा होता, मी बाहेर, भाऊ घरी. मी घाईघाईत त्याला मेसेज टाकला, "तो आला की मेन स्विच बंद करुनये". मला म्हणायचं होतं "बंद करून ये". भावाने वाचलं "बंद करू नये", आणि गुणी बाळासारखा स्विच चालू ठेवून बसला. वायरमन अनुभवी, टेस्टर लावल्याशिवाय वायरीला हात न लावणारा, म्हणून निभावलं.

आता या मेसेजमध्ये चुका दोन. एक म्हणजे 'रु' ऱ्हस्व पडला, तो दीर्घ हवा. दुसरी म्हणजे स्पेस द्यायची राहिली. आपण शुद्धलेखनवाले पहिल्या चुकीवर तुटून पडतो, पण तिने काहीच बिघडलं नाही, कारण 'करून ये' काय नि 'करू नये' काय, दोन्हीत रू दीर्घच आहे. घोळ घातला तो त्या रिकाम्या जागेने, जी बहुतेकांना चूक म्हणून दिसतच नाही. तेव्हापासून मी ठरवलंय की चूक दिसली की लगेच चिडायचं नाही, आधी थोडं तपासायचं. कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट, वाक्य मोठ्याने वाचा. खरंच वाचा, मनात नको. "मला खुप आनंद झाला" हे वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्याला त्यातला ऱ्हस्व खु कळणार आहे का? नाही, कारण रोजच्या बोलण्यात आपण इकार-उकार मोजूनमापून लांबवत नाही. कानाला फरक ऐकू येत नाही म्हणूनच तो हातातून सुटतो, त्यात आळस कमी आणि मराठीचा स्वभाव जास्त. वाचून अर्थ तोच राहत असेल तर पुढे स्क्रोल करा. अर्थ बदलत असेल, किंवा दोन अर्थ निघत असतील, तर थांबा. "गोळी जेवणाआधी नको नंतर घ्या" यात स्वल्पविराम कुठे द्यायचा ते मला सांगा, मी शांतपणे वाट बघतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा, त्यामुळे "महिला दीनाच्या शुभेच्छा" हे पोस्टरवर छापण्याआधी कुणीतरी बोललंच पाहिजे.

दुसरं, चूक आली कुठून ते बघा. इथे जरा वेळ काढा, कारण राग इथेच उतरतो. 'आणी' लिहिणारा माणूस घ्या. आपण त्याला अडाणी समजतो, पण मराठीचा नियम असाय की शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, म्हणून तर कवी, गती, बुद्धी. 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद. म्हणजे 'आणी' लिहिणारा बिचारा नियम पाळतोय, त्याला फक्त अपवाद माहीत नाही! तसंच 'मुल' आणि 'फुल'. मुलाला, फुलाला असं आपण लिहितोच, मग एकट्या शब्दात तो मू आणि फू का होतो हे कुणी नीट समजावलेलं नसतं (शेवटी अकार असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर तो हलत नाही, शरीर-शरीराला). हा कंस वाचून तुम्हाला जांभई आली असेल तर बाकीच्यांचं काय होत असेल बघा.

कधी कधी चूक लिहिणाऱ्याची नसतेच. बरेच जण इंग्रजी अक्षरात टाइप करतात आणि कीबोर्ड त्याचं देवनागरी करतो, त्यात न आणि ण, ल आणि ळ यातलं काय उमटेल ते त्या कीबोर्डाच्या मर्जीवर. बोलून टाइप करणाऱ्यांचं तर अजूनच वेगळं. 'ऱ्य' काढता येत नाही म्हणून 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' करणारे भरपूर. तिथेही नेहमी हसण्यावारी नेऊ नका मात्र, 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी येतील आणि 'आचार्यांना बोलवा' म्हटलं तर गुरुजी.

आणि 'पानी', 'कोनी', 'व्हतं' हे चुकांच्या यादीत टाकूच नका. तो माणूस बोलतो तसं लिहितोय. गंमत म्हणजे प्रमाण लेखनाच्या नियमांतच सांगितलंय की पात्राच्या तोंडी बोली घालायची तर उच्चारानुसार लिहावी. मग चॅटमध्ये तर प्रत्येक जण स्वतःच्याच तोंडी बोलतोय ना.

नियमांचं म्हणाल तर ते काही आभाळातून पडलेले नाहीत. साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम १९६२ मध्ये सरकारने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात ४ वाढले, झाले १८. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' असं उच्चारात नसलेल्या अनुस्वारासकट लिहिणं हेच शुद्ध होतं. जुनी पत्रं काढून बघा, सगळीकडे टिंबंच टिंबं. आज तसं कुणी लिहिलं तर आपण लाल पेन काढू, आणि तेव्हाच्या मास्तरांनी आपल्या लिहिण्यावर काढलं असतं.

तिसरं, जरा टोचेल, पण चूक बघून आपलं डोकं नक्की कशाने फिरतं ते स्वतःला विचारा. मिशिगन विद्यापीठातल्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन या दोघींनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला. ८३ लोकांना रूममेट हवाय अशा जाहिरातीला आलेले ईमेल वाचायला दिले, काहींत मुद्दाम चुका घातलेल्या. चुकांवाल्या ईमेलला एकूणच कमी गुण पडले हे खरं, पण व्याकरणाच्या चुकांवर जास्त खार खाणारे कोण निघाले तर स्वभावाने कमी मिळतंजुळतं घेणारे. हे वाचून मी दोन दिवस बायकोशी फार गोड बोलत होतो.

माझं स्वतःचं सांगतो. एका जवळच्या मित्राने रात्री मेसेज केला, "आईची तबेत खुप खालावली आहे". मला आधी 'खुप' दिसलं, मग 'तबेत' दिसलं, आणि आई तिसऱ्या नंबरवर दिसली. मी काही बोललो नाही, सरळ फोन केला, पण ते तीन नंबर अजून डोक्यात आहेत.

मग चिडायचंच नाही का? चिडा की, पण जागा बघून. औषधाच्या सूचना, करारनामा, परीक्षेचा पेपर, पाठ्यपुस्तक, बातमी, अनुवादित फॉर्म, जिथे लिहिणाऱ्याला वेळ होता, पैसे मिळाले होते आणि वाचणाऱ्याला दुसरा पर्याय नाही, तिथे अजिबात सोडू नका. लिंकमधलं स्पेलिंग तर भिंग लावून बघा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भलत्याच साइटवर पासवर्ड देऊन बसाल. पूर्वी फसवणुकीचे मेसेज अशुद्ध भाषेवरून ओळखू यायचे, आता ते आपल्यापेक्षा शुद्ध येतात, तेव्हा भाषा नीट आहे म्हणून विश्वास ठेवू नका. लोकांची नावं हीपण चिडायची जागा आहे, पण तिथे स्वतःवर चिडायचं, समोरचा स्वतःचं नाव लिहितो तसंच लिहायचं, त्याचं 'सलिल' हे 'सलील' असेल तर असेल.

सांगायचं ठरवलंच तर खाजगीत सांगा, एका वेळी एकच चूक सांगा, आणि नुसतं "चूक आहे" न म्हणता बरोबर शब्द लिहून द्या म्हणजे त्याला कॉपी-पेस्ट करता येईल. "बॅनर छापायला जायच्या आत 'भावपुर्ण'चं 'भावपूर्ण' कर रे" एवढं पुरतं, त्याच्यापुढे नियम लावू नका. भांडण चालू असताना समोरच्याचं व्याकरण काढणं हे म्हणजे मुद्दे संपले असं जाहीर करणं, ते करूच नका. शिवाय तिथे एक शाप आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन बँगसंड नावाच्या संपादकाने १९९२ मध्ये, 'जे बिघडू शकतं ते बिघडणारच' म्हणणाऱ्या मर्फीच्या नियमातल्या नावाचं मुद्दाम वाकडं स्पेलिंग करून 'मफ्रीचा नियम' काढला, की दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दाखवणारं काहीही लिहिलं की त्यात स्वतःची एक चूक असणारच. विश्वास बसत नसेल तर "शुध्दलेखन शिका जरा" असं किती लोक लिहितात ते बघा. द आधी, ध नंतर, द्ध.

उलटं झालं, म्हणजे कुणी तुमची चूक काढली, तर "थँक्स, बदललं" म्हणायचं आणि एडिट करायचं. कीबोर्डावर ढकलायचं नाही, मी सगळ्यांदेखत ढकललंय, कुणालाच पटत नाही.

आणि स्वतःचं सुधारायचं असेल तर अख्खे १८ नियम पाठ करत बसू नका. आपण नेहमी चुकतो असे आठदहा शब्द काढा आणि फोनच्या डिक्शनरीत शॉर्टकट म्हणून भरून ठेवा, चुकीचं टाइप केलं की बरोबर उमटेल. माझ्या यादीत महत्त्व, पश्चात्ताप, व्यक्तिमत्त्व (हे तिन्ही 'त'ला आणखी एक 'त' जोडायचा विसरल्यामुळे), केव्हा आणि आशीर्वाद आहेत. आशीर्वाद मी इतकी वर्षं 'आशिर्वाद' लिहीत होतो, मोठ्यांना आणि छोट्यांना, आणि एकालाही तो कमी पडल्याचं ऐकलं नाही.