पुसलेला डंप पुश अडवतो तेव्हा

मराठी शब्दतपासणीसाठी शब्दसूची तयार करणाऱ्या एका मुक्तस्रोत प्रकल्पात मी सामील झाले, तेव्हा कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या चार-पाच कमांड मला येत होत्या आणि तेवढ्यावर भागेल अशी माझी समजूत होती. मराठी विकिपीडियाचा डंप, म्हणजे सगळ्या लेखांची एकत्र फाइल, मी उतरवून घेतला, आतले लेख कसे दिसतात हे पाहण्यासाठी तो अनझिप केला आणि ती प्रचंड एक्सएमएल फाइल कोडच्या शेजारीच राहू दिली. त्यानंतर नेहमीच्या सवयीने ‘गिट ॲड डॉट’ केले, म्हणजे फोल्डरमधले सगळे गिटच्या नोंदीत घेतले. दोन आठवड्यांचे काम त्याच्यावर चढत गेले आणि पहिल्यांदा पुश केले, म्हणजे ते सगळे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पाठवले, तेव्हा गिटहबने ते नाकारले.

१०० एमबीपेक्षा मोठी फाइल तिथे चालत नाही, हे स्क्रीनवर लिहूनच आले होते. मी फाइल डिलीट केली, तसा कमिट केला (गिटमध्ये बदलाची नोंद केली) आणि पुन्हा पुश केले. तोच एरर, त्याच फाइलचे नाव. फोल्डरमध्ये नसलेल्या फाइलवरून मला अडवले जात होते आणि रात्रीचा दीड वाजला होता.

इथे कृपया थांबून नीट समजून घ्या. प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींची नोंद असते, आणि पुश करताना शेवटच्या कमिटबरोबर मधले सगळे कमिटही जातात. फाइल आज डिलीट केली तर आजच्या नोंदीत ती नसते, पण जिथे ती आत आली त्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. नंतर तिचे नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) लिहूनही उपयोग होत नाही, कारण गिट जिचा माग आधीपासून ठेवत आहे, त्या फाइलला ती यादी लागू पडत नाही. डंप ९० एमबीचा असता, तर तो इशाऱ्यानिशी का होईना, वर गेला असता आणि पुढे प्रकल्प क्लोन करणाऱ्या, म्हणजे त्याची पूर्ण प्रत घेणाऱ्या प्रत्येकाने तो विनाकारण उतरवून घेतला असता.

तरीही धीर सोडू नका, कारण यात केलेले काम वाचते. आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढा, मग ‘गिट फिल्टर-रेपो’ या साधनाने ती फाइल इतिहासातूनच काढून टाका. तिथून पुढच्या कमिटांचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात, त्यामुळे रेपो (इतिहासासह पूर्ण प्रकल्प) आधीच इतरांकडे गेला असेल, तर सगळ्यांना नव्याने क्लोन करावे लागेल, हे आधी कळवा. ‘डॉट गिट फोल्डरच उडव आणि नव्याने सुरुवात कर’ असा, म्हणजे सगळा इतिहासच पुसण्याचा, सल्ला मला एका अनुभवी सहकाऱ्याने दिला होता. तो मला आजही पटत नाही. कोणती ओळ कोणी आणि का बदलली हे ज्यात टिकते, तो इतिहास आपल्या घाईसाठी फेकून देऊ नये.

आता मी पहिल्या कमिटपूर्वीच ‘डेटा’ फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाकते. त्यात ‘रॉ’ आणि ‘प्रोसेस्ड’ असे दोन भाग असतात. ‘रॉ’मधल्या फाइलला हात लावायचा नाही, आणि ‘प्रोसेस्ड’मधले सगळे स्क्रिप्ट चालवून पुन्हा तयार करता आले पाहिजे. डंप उतरवताना ‘लेटेस्ट’चा दुवा वापरू नका, कारण त्यामागची फाइल बदलत राहते, तारखेच्या फोल्डरमधून घ्या आणि ती तारीख व शा-१ चेकसम (फाइल तीच आहे हे पडताळण्याचा संकेतांक) रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या माहिती-फाइलमध्ये लिहा. जुने डंप काही काळाने तिथून काढले जातात, म्हणून मूळ प्रत स्वतःच्या डिस्कवरही जपा. विकिपीडियाच्या मजकुराचा परवाना सीसी बाय-एसए (श्रेय देऊन आणि त्याच परवान्याखाली पुन्हा वापरू देणारा) आहे, तो तुमच्या कोडच्या परवान्यात मिसळू नका. प्रकाशित करायच्या शब्दसूचीबरोबर तिची वेगळी परवाना-फाइल ठेवा.