कृष्णेच्या घाटावर पावसाळ्यात नाव बांधताना

सांगलीत नाव बांधायची तर आधी आयर्विन पुलाजवळची पातळी बघा. तिथं इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोयनेतून विसर्ग वाढला की ते पाणी कराडवरून यायला वेळ लागतो, तेवढ्यात, उजेड असतानाच, दोर बदलून घ्या. वारणेचंही बघा. ती हरिपूरला, म्हणजे शहराच्या खाली, मिळते. तिला पूर आला की कृष्णेचं पाणी तुंबतं. प्रवाह संथ दिसतो, पातळी मात्र चढतच राहते. नावाडी फसतात ते इथंच.

घाटाच्या कड्यांना बांधू नका. कडं पाण्याखाली गेलं की गाठ सोडता येत नाही, आखडलेला दोर नावेचं पुढचं टोक खाली ओढतो आणि नाव तिथंच भरते. वरच्या अंगाचं, मुळं उघडी न पडलेलं झाड शोधा. दोर बुंध्याभोवती फिरवून दोन्ही टोकं नावेतच आणून बांधा, म्हणजे नावेत बसूनच एक टोक सोडून दोर ओढून घेता येतो. पुढचं टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवा, मागून दुसरा दोर काठाला. नायलॉनचा दोर ताणला जातो, त्यामुळे धक्का सोसतो. दगडाला घासतो तिथं पोतं किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. नावेत कोयता हवाच: वाहून आलेलं झाड दोरात अडकलं तर दोर तोडून नाव वाचवावी लागते.

पाणी उतरताना जास्त जपावं लागतं. नाव पायरीवर टेकते, एक बाजू अधांतरी राहते आणि कलंडते किंवा तळाची फळी फुटते. त्यामुळे रात्रीही कुणीतरी जागं हवं. दर तासाला दोर सैल करायचा किंवा ओढून घ्यायचा. ही पाळी चुकवून चालत नाही.

लाकडी नाव उन्हाळ्यात कोरडी पडून राहिली तर फळ्या आकसून सांधे उघडतात. सांध्यात कापूस ठासून डांबर भरा आणि नाव काही दिवस उथळ पाण्यात ठेवा. फळ्या फुगून सांधे मिटल्याशिवाय माणसं बसवू नका.

टू-स्ट्रोक इंजिनाला एका लिटर पेट्रोलमागे साधारण २० मिली टू-टी ऑइल. पुस्तिकेत वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. चालू इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत असते. ती थांबली की इंजिन लगेच बंद करा: पाणी ओढायची जाळी जलपर्णीनं किंवा गाळानं तुंबलेली असते. जाळी साफ न करता तसंच चालवलं तर पिस्टन जाम होतो.

लाइफ जॅकेट नावेत बसण्याआधी काठावरच घालायचं. माणसं बसल्यावर नावेचा काठ पाण्याच्या वर निदान फूटभर राहिला पाहिजे. राहत नसेल तर दोन खेपा करा, घाई कितीही असो.