तिकीट कुठल्या पानात राहिलं?

नाशिकरोडहून सातपूरला कामाला जाताना मला सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बस बदलावी लागते. जाऊन-येऊन रोजचे दोन-सव्वादोन तास. सिटीलिंकच्या त्या बसमध्येच माझं वाचन होतं आणि त्यातल्या काही पुस्तकांवर मी परीक्षणं लिहिते. पोट भरतं ते अकाउंट्सवर. परीक्षणं हा वरचा उद्योग. "मलाही लिहायचंय, सुरुवात कशी करू?" असं हल्ली दोन-चार जणांनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. रहस्यकथा, विज्ञानकथा, भयकथा, मुलांच्या जादूच्या गोष्टी, म्हणजे ज्याला सगळे जॉनर म्हणतात, तेवढ्यापुरतंच सांगेन. कवितासंग्रहाचं परीक्षण दोनदा करून पाहिलं. दोन्ही कवी सज्जन निघाले म्हणून निभावलं.

माझं पहिलं परीक्षण एका रहस्यकादंबरीचं. कथानक वेगवान आहे, पण लेखक मानवी मनाचा तळ गाठत नाही, साहित्यमूल्याच्या दृष्टीने मर्यादा जाणवतात, असं बरंच काही लिहून एका पुरवणीला पाठवलं. चार दिवसांनी संपादकांचा फोन. "ताई, मिसळीच्या दुकानात जाऊन श्रीखंड मिळालं नाही म्हणून भांडताय तुम्ही. रस्सा कसा होता, ते लिहा की."

राग आला होता. पण रस्सा कसा होता हे मला खरंच सांगता येत नव्हतं. पुस्तक मी रात्री दोनपर्यंत जागून संपवलं होतं आणि परीक्षणात त्या जागरणाबद्दल एक अक्षर नव्हतं. कॉलेजात मराठी घेऊन शिकलेल्या आमच्यासारख्यांची हीच खोड. 'रंजनवाङ्मय' हा शब्द आम्ही नाक जरा वर करूनच शिकलो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंझार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या नादाने किती घरांत वाचनाची सवय लागली, पण त्या गोष्टी रचल्या कशा होत्या हे वर्गात कुणी उलगडून दाखवल्याचं मला आठवत नाही.

उलट बाजूची एक गोष्ट मला फार आवडते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या वजनावर निकाल लागू नये म्हणून. पुढे डिसेंबर 2021 मध्ये 94वं साहित्य संमेलन आमच्या नाशिकला, आडगावला झालं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही. विज्ञानकथा लिहिणारा माणूस संमेलनाचा अध्यक्ष, याचा आम्हा बसमधल्या वाचकांना किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्या जगतापांवरून मी एक सवय लावून घेतली. परीक्षणाचं पुस्तक आलं की शाळेच्या वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घालायचं. लेखकाचं नाव झाकलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाठराखण झाकली जाते. मागच्या पानावर कुणा मोठ्या लेखकाने 'अंगावर काटा आणणारी' असं लिहिलेलं असलं की आपण काटा शोधत बसतो. कव्हर काढायचं ते माझा मजकूर कागदावर उतरल्यावर. नाव अर्थात आधी माहीतच असतं, पण दर वेळी पुस्तक हातात घेताना ते डोळ्यांसमोर येत नाही, एवढाही फरक पुष्कळ पडतो.

आता मुख्य गोष्ट, बसच्या तिकिटाची. पहिलं वाचन मी पेन्सिलीशिवाय करते, साध्या वाचकासारखं. वाचता वाचता ज्या जागी मान वर होते आणि मी खिडकीबाहेर बघायला लागते, त्या पानात तिकीट ठेवायचं. बस, बाकी काही नाही. पुस्तक संपलं की तिकिटांची पानं उघडून बघायची: इथे काय झालं? माझा विश्वास कशाने उडाला? जॉनरच्या पुस्तकाने पहिल्या दहा-पंधरा पानांत वाचकाला एक शब्द दिलेला असतो. मी तुला कोडं घालीन, मी तुला घाबरवीन, मी तुला दुसऱ्या जगात नेईन. तिकीट बहुतेक वेळा तो शब्द मोडला तिथेच असतं. परीक्षणाचा कणा मला तिथे मिळतो. मात्र द्वारकेच्या सिग्नलला गाडी वीस मिनिटं अडकली म्हणून मान वर झाली की पुस्तकामुळे, हे प्रामाणिकपणे वेगळं करावं लागतं. एका लेखकावर मी असा अन्याय केलेला आहे.

रहस्यकथेचं दुसरं वाचन हवंच, आणि ते पेन्सिल घेऊन. खुनी कोण हे कळल्यावर पहिल्या पानापासून बघायचं: दुवे कुठे पेरलेत, कशाखाली झाकलेत? 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यातले काही आज हसू आणणारे आहेत, पण एक अजून पक्का आहे: गुप्तहेराला जो दुवा सापडला तो वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरने खिशातून अचानक एखादं पत्र काढलं, तर तो डाव रडीचा. उलट दुवा चाळीसाव्या पानावर उघडा पडलेला होता आणि तरी मी फसले, तर त्या लेखकाला माझा नमस्कार. हे परीक्षणात लिहायचं. दुवा कोणता ते न सांगता लिहायचं, एवढीच पंचाईत.

कायद्याचंही थोडं बघावं लागतं. एका कादंबरीत शेवटी आरोपी पोलीस स्टेशनात ढसाढसा रडून गुन्हा कबूल करतो आणि पुस्तक संपतं. तिकीट तिथेच राहिलं. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23 आहे. त्या कबुलीतून पुरलेलं हत्यार सापडलं असतं, तर तेवढा भाग चालला असता. लेखकाने एक परिच्छेद वाढवून इन्स्पेक्टरला ते हत्यार पुरलेल्या जागेपर्यंत नेलं असतं तरी भागलं असतं. मग मी लिहिलं, की या इन्स्पेक्टरची केस दुसऱ्या दिवशी सकाळी ढिली पडेल. ही चूक सांगण्यासारखी, कारण सगळा शेवट तिच्यावर उभा होता. पण 2025 मध्ये घडणाऱ्या गोष्टीत हवालदार "तीनशे दोन लागेल" म्हणाला, तर लगेच लाल पेन काढू नका. 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेत 103 झालंय हे खरं, पण माणसांच्या तोंडातून 302 इतक्यात जाणार नाही. तोच आकडा एफआयआरच्या कागदावर आला तर मात्र विचारा.

आता माझी चूक. शेवट फोडायचा नाही हे मला माहीत होतं. खुनी, कारण, हत्यार, काहीही सांगितलं नव्हतं. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं, "डॉक्टरांचं व्यक्तिचित्र विशेष लक्षात राहतं." आठवड्याने एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, निळ्या शाईत: "डॉक्टर पहिल्या शंभर पानांत दोनदाच येतात, तेही ताप बघायला. मग ते लक्षात का राहावेत, हे मी पान 30 वर ओळखलं. पुस्तकाचे 280 रुपये तुम्ही द्याल का?" द्यायला हवे होते खरं तर. तेव्हापासून माझा नियम: पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचं कथानक सांगायचं नाही, आणि कौतुक करताना ज्याच्या वाट्याला पानं कमी आहेत अशा पात्राचं नावसुद्धा घ्यायचं नाही.

डिस्टोपियाचं, म्हणजे बिघडलेल्या उद्याच्या जगाच्या गोष्टींचं, गणित वेगळं. तिथे फोडण्यासारखं फारसं नसतं, वाईट होणार हे पहिल्याच पानावर कळतं. तिथे तपासायचं ते जग. दोन-तीन वर्षांपूर्वी एक कादंबरी वाचली, उद्याच्या नाशिकची. गोदावरी आटलेली, पाणी कार्डावर. आम्हा नाशिककरांना ही कल्पना ओढून आणलेली वाटत नाही. गोदावरीवरच्या खालच्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला किती टक्के साठा आहे, 65च्या खाली आहे का, मग आमच्या वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून त्याला पाणी किती सोडणार, यावर इथे वर्षानुवर्षं आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या झाल्यात. लेखकाने पाय इथल्या मातीत रोवले होते, हे चांगलं. पण दीडशे पानं झाली तरी ते कार्ड छापतं कोण, खोटं कार्ड केवढ्याला मिळतं, टँकरवाल्याचा मेहुणा कोण, यातलं काहीच नाही. सगळं 'सत्ता' नावाचं कुणीतरी करतं. तिकीट पान 61.

तरी त्याच कादंबरीत एक जागा अशी होती की मी सीबीएसला उतरायचं विसरले. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आम्ही तो पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं. कादंबरीतली पोरं कोरड्या पात्रात क्रिकेट खेळतात, मारुतीचा स्टंप करतात, आणि आजोबा "गळ्याला लागलं होतं त्या साली" म्हणतात तेव्हा पोरांना कळत नाही, की काय लागलं? दगड? बॉल? मला वाटतं सगळी दुष्काळाची वर्णनं त्या एका न कळण्यापुढे फिकी आहेत. परीक्षणाचा पाऊण भाग मी त्यावर खर्च केला. 'भीषण वास्तवाचं प्रभावी चित्रण' हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं. ती पोरं फक्त या पुस्तकातली होती. असं जग तपासायला माझा एक प्रश्न ठरलेला आहे: तिथे रेशनच्या रांगेत उभी असलेली माणसं कशावर विनोद करतात? उत्तर सापडलं तर लेखक त्या जगात राहून आलाय.

मुलांच्या जादूच्या पुस्तकाचं परीक्षण एकट्याने करू नये. माझी भाची इंदिरानगरला राहते, वय वर्षं 9. रविवारी जाऊन तिला मोठ्याने वाचून दाखवते. मोठ्याने वाचलं की लांबलेलं वाक्य दम लागून कळतं, आणि 'अवगुंठित' असा शब्द आला की ती उशी फेकते. एका पुस्तकात तीन मुलं गुहेत चार दिवस अडकतात. तिचा प्रश्न, "मावशी, यांना शू लागत नाही का?" दुसऱ्या पुस्तकात एक जादूचा मणी शेवटच्या प्रकरणात राक्षसाला पळवून लावतो. ती म्हणाली, "मग आधीच का नाही काढला?" कल्पित जगाच्या नियमांवर लोकांनी मोठाले लेख लिहिलेत, त्यांचं सार या प्रश्नात आलं. जादूला किंमत हवी, मर्यादा हवी, नाहीतर गोष्ट उरत नाही.

मोठे परीक्षक या पुस्तकांत संस्कार शोधतात. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्याच तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची थोरवी मी काय सांगणार, पण प्रत्येक राक्षसाने शेवटी आईचा पदर धरून रडावं अशी अपेक्षा का? मुलं घाबरली का, हसली का, 'अजून एक प्रकरण' म्हणाली का, ते आधी लिहा. आणि चित्रकाराचं नाव लिहा. मुलांच्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्रं सांगतात आणि परीक्षणात त्या माणसाचा उल्लेखही नसतो. मुलांच्या पुस्तकांच्या माझ्या पहिल्या चारही परीक्षणांत नव्हता.

पैशांचं लवकर उरकते. पुस्तकाची प्रत मिळते. मानधन कधी मिळतं, कधी नाही. एकदा 300 रुपयांचा चेक आठ महिन्यांनी आला, तोही आडनाव चुकवून. ओळखीच्या लेखकाचं पुस्तक घेऊ नका. नाशिक तसं लहान आहे, व्याख्यानाला गेलात की लेखक शेजारच्याच खुर्चीत असतो. घ्यावंच लागलं तर त्याला 'परिचय' म्हणा, 'परीक्षण' म्हणू नका. संपादकाला दोन्हींतला फरक कळतो. पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तर 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, सभासद व्हा. दिवाळीत 'धनंजय', 'नवल' यांसारखे अंक मिळवा. त्यातली एकच कथा निवडून तिच्यावर तीनशे शब्द लिहून बघा. सरावाला कादंबरीपेक्षा कथा बरी, लपायला जागा नसते.

लिहून झालं की पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. माझी मी आमच्या कॉलनीतल्या छोट्या वाचनालयाला देऊन टाकते. मागच्या महिन्यात तिथल्या काकांनी एक रहस्यकादंबरी परत घरी आणून दिली. माझं दुसरं वाचन त्यात जसंच्या तसं होतं. पान 22 वर बागेतल्या माळ्याच्या नावाभोवती गोल आणि समासात माझ्याच अक्षरात 'हाच!!'

"ताई," काका म्हणाले, "तीन जण वाचून गेले, तिघंही वैतागलेत. खोडरबर घेऊन बसा."

दोन संध्याकाळी गेल्या.