वाहतुकीची माहिती राष्ट्रीय पोर्टलवर देताना या चुका टाळा

गोव्यातील बसगाड्या, फेरीबोटी, पूल आणि रस्ते यांची माहिती कोणालाही वापरता येईल अशा खुल्या स्वरूपात उपलब्ध व्हावी, यासाठी झटणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी, बसमालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी हे लेखन आहे. युरोपीय संघाच्या प्रत्येक सदस्य देशाला वाहतूक आणि प्रवासाच्या माहितीसाठी एक राष्ट्रीय प्रवेशद्वार ठेवावे लागते. आपल्याकडे २०१२ च्या राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरणातून खुल्या सरकारी डेटाचे पोर्टल उभे राहिले. पोर्टल कोणतेही असो, तक्रार मात्र सारखीच ऐकू येते: फाईल चढली, पोर्टलने ती स्वीकारली, तरी नकाशाच्या ॲपमध्ये बस दिसत नाही किंवा भलत्याच ठिकाणी दिसते. याचे कारण बहुधा एकच असते. जे इथल्या माणसाला न सांगता कळते, ते फाईलमध्ये लिहायचे राहून गेलेले असते.

वेळापत्रकाची पीडीएफ चढवणे ही सर्वांत ढोबळ चूक. ती माणसाला वाचता येते, पण संगणकाला तिच्यातून थांबे आणि वेळा विश्वासाने वेगळ्या काढता येत नाहीत. बस आणि फेरीबोटीच्या वेळापत्रकासाठी जीटीएफएस (साध्या मजकुराच्या अनेक फाईलींचा संच) आणि रस्त्यावरील घटनांसाठी डेटेक्स टू हे संगणकाला वाचता येतील असे माहिती लिहिण्याचे रुळलेले नमुने आहेत. आपल्या माहितीला लागू पडणारा नमुना निवडावा.

थांब्यांच्या नावांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. एकच बसस्थानक एका फाईलमध्ये ‘पणजी’, दुसरीत ‘पणजी कदंब’ आणि तिसरीत ‘केटीसी’ असे आले, तर संगणक ती तीन वेगळी ठिकाणे धरतो आणि तिथे बस बदलता येते हे त्याला उमगतच नाही. म्हणून प्रत्येक थांब्याला नावाहून वेगळा ओळख क्रमांक द्यावा आणि नवी आवृत्ती चढवताना तो बदलू नये. दर वेळी नवे क्रमांक पडले, तर त्या माहितीवर ज्यांनी आपली सेवा उभारली आहे, त्यांचे सारे दुवे तुटतात. मराठी, कोंकणी आणि इंग्रजी नावे एकाच रकान्यात तिरप्या रेघांनी कोंबू नयेत. जीटीएफएसमध्ये भाषांतरांसाठी स्वतंत्र फाईल आहे. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर एक्सेलमधून फाईल साठवताना यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) हा पर्याय निवडला होता का, ते आधी पाहावे.

थांबे नकाशावर सापडतच नसतील, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे का ते तपासावे. पणजीचे अक्षांश सुमारे १५.४९ आणि रेखांश सुमारे ७३.८३ आहेत, ते उलटे भरले, तर पणजी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. जिओजेसन या नकाशावरील ठिकाणे नोंदवण्याच्या नमुन्यात रेखांश आधी लिहायचा असतो, त्यामुळे एका नमुन्यातून दुसऱ्यात माहिती नेताना ही चूक सहज होते.

रस्त्यावरील घटनांच्या बाबतीत मात्र अचूक बिंदू देऊनही भागत नाही. पणजी आणि पर्वरी यांच्यामध्ये मांडवीवर तीन पूल एकमेकांना लागून आहेत आणि २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू त्यांतला सर्वांत उंच आहे. ‘मांडवी पुलावर अपघात’ एवढी नोंद आणि नकाशावरचा एक बिंदू दिला, तर घटना कोणत्या पुलावरची आणि कोणत्या दिशेच्या मार्गिकेवरची हे बाहेरच्या प्रणालीला कळत नाही. ती जवळचा एखादा रस्ता निवडते आणि मोकळ्या पुलावरची वाहनेसुद्धा वळवली जातात. रस्त्याचा कोणता तुकडा आणि कोणती दिशा, हे दोन्ही नोंदीत असलेच पाहिजेत. नोंदीला समाप्तीची वेळही द्यावी. पावसाळ्यात झाड पडून बंद झालेला रस्ता दुपारी मोकळा होतो, पण नोंद मागे घेतली नाही तर ॲपमध्ये तो कित्येक दिवस बंदच राहतो.

वेळेच्या बाबतीत दोन चुका नेहमी आढळतात. घटनेच्या नोंदीत ‘सकाळी ९’ लिहून वेळेचा पट्टा दिला नाही आणि वाचणाऱ्या प्रणालीने ती जागतिक प्रमाणवेळ मानली, तर रस्ता बंद असल्याची सूचना आपल्याकडे दुपारी अडीचची म्हणून दिसते. दुसरी चूक रात्रीच्या बसची. संध्याकाळी पणजीहून सुटून दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुण्यात पोचणाऱ्या बसची पोचण्याची वेळ जीटीएफएसमध्ये ३०:३०:०० अशी लिहितात. ती ०६:३०:०० लिहिली, तर बस सुटण्याआधीच पोचते आणि तपासणीत ती फेरी सदोष ठरते.

चतुर्थीच्या सुट्टीत किंवा ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्तासाठी फेऱ्या बदलल्या, तर तो बदल जीटीएफएसच्या अपवादाच्या तारखांच्या फाईलमध्ये नोंदवावा. मूळ वेळापत्रकाला हात लावू नये. ठरावीक वेळेऐवजी साधारण अंतराने सुटणाऱ्या फेरीबोटीसाठी खोट्या नेमक्या वेळा रचण्यापेक्षा वारंवारितेची फाईल वापरणे प्रामाणिकपणाचे आहे, कारण चोडण बेटावर जाणारा प्रवासी त्या वेळांवर विसंबून धक्क्यावर येतो.

परवाना स्पष्ट लिहावा. भारत सरकारचा खुल्या डेटाचा परवाना २०१७ पासून उपलब्ध आहे. परवानाच नसलेली माहिती वापरायला जबाबदार संस्था धजत नाहीत. वाहन क्रमांक किंवा एकेका खासगी गाडीचा दिवसभराचा माग कधीही प्रसिद्ध करू नये. नाव काढून टाकले, तरी गाडी रोज रात्री कुठे थांबते यावरून मालकाचे घर ओळखता येते.

अनेक पोर्टलवर माहितीची फाईल नसून केवळ तिचे वर्णन आणि दुवा असतो. आपल्या सर्व्हरवर फाईलचे नाव बदलले की तो दुवा निकामी होतो, आणि कार्यालयाच्या जाळ्यात सारे सुरळीत दिसत असल्याने ते कळायला उशीर लागतो. म्हणून दुवा कार्यालयाबाहेरच्या मोबाइलवरून उघडून पाहावा, जीटीएफएस फाईल मोफत मिळणाऱ्या तपासणी-साधनातून काढावी आणि वर्णनात चुका कळवण्यासाठी व्यक्तीचा नव्हे, तर पदाचा ईमेल द्यावा, म्हणजे बदली झाल्यावरही तक्रार योग्य टेबलावर पोचेल.