लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडला? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

कीबोर्ड चालेनासा झाला की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात, कोणीतरी सांगितलं म्हणून विंडोज फॉरमॅट मारतात नाहीतर ऑनलाइन नवा कीबोर्ड ऑर्डर करून मोकळे होतात. आणि मग फॉरमॅट मारूनही बटणं मुकी ती मुकीच, किंवा नवा कीबोर्ड बसवूनही तोच प्रॉब्लेम. बिघाड विंडोजमधे आहे का खुद्द कीबोर्डमधे, हे न बघताच हात घालायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

बघायला पाच मिनिटं पुरतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि चालू करता करता बायोसचं (विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपचा स्वतःचा सेटिंग्जचा स्क्रीन) बटण टकटक दाबत राहा, डेल, एसर, आसुसला बहुतेक एफ२, एचपीला एफ१०, बाकीच्यांत बरेचदा स्क्रीनवर क्षणभर लिहून येतं. (बटण दाबून बायोस उघडतच नसेल तर माउसने सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप या वाटेनेही तिथे जाता येतं.) बायोस उघडला तेव्हा विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणजे ड्रायव्हर (विंडोजला कीबोर्डशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम), अपडेट, व्हायरस यांचा इथे काही संबंधच नाही. इथे बाणांची बटणं नीट चालली तर गडबड बहुधा विंडोजमधे आहे. इथेही ढिम्म असतील तर हार्डवेअर, मग दहा वेळा फॉरमॅट मारलात तरी उपयोग शून्य. फक्त एक करा, आत गेलात तर बघा आणि काही सेव्ह न करता बाहेर या. तिथे सिक्युअर बूट वगैरे सेटिंग चुकून बदललं आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असलं तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती टाकायची कशाने, तर बंद पडलेल्या कीबोर्डने!

आता बायोसमधे चालतो पण विंडोजमधे चालत नाही, अशी केस असेल तर ड्रायव्हरला हात लावायच्या आधी फिल्टर कीज बघा. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की विंडोज ही सोय चालू करू का विचारतं, आणि काय टाइप करायचं याचा विचार करत शिफ्टवर बोट टेकवून बसणाऱ्यांकडून तो बॉक्स न वाचताच येस दाबलं जातं. त्यानंतर पटकन दाबलेली बटणं विंडोज मोजतच नाही. एखादं बटण एक-दोन सेकंद दाबून धरा, अक्षर उमटलं तर कीबोर्ड ठणठणीत आहे, सेटिंग्जमधे ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्डखाली ते बंद करून टाका. छोट्या लॅपटॉपवर जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ येत असतील तर नम लॉक लागलंय, एफएनसोबत ते बटण दाबा. पासवर्ड बरोबर असूनही घेत नसेल तर लॉगिन स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात भाषा कुठली आहे ते बघा, मराठी इनस्क्रिप्ट लागलेलं असेल तर के दाबल्यावर क जातो आणि तुम्हाला दिसतात नुसते टिंब. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबा, भाषा बदलते. उलटा दुमडून टॅबलेट होणारे लॅपटॉप तर दुमडल्यावर कीबोर्ड स्वतःच बंद करतात, त्यांचा तो सेन्सर लोहचुंबकाने पण फसतो, मॅग्नेटवालं मोबाइल कव्हर कीबोर्डजवळ ठेवून काम करत असाल तर आधी ते उचला.

"मी बंद करून चालू केला की" असं सगळेच म्हणतात. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि चालू करताना तेच परत उचलले जातात, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच. त्यामुळे रीस्टार्ट करा, शट डाउन नको. त्याने नाही झालं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. कीबोर्ड वाचणारी जी छोटी चिप आत असते ती बऱ्याच लॅपटॉपवर याने रीसेट होते.

ड्रायव्हर काढून परत टाकणे हा उपाय चांगला आहे, डिव्हाइस मॅनेजरमधे कीबोर्ड्सखाली जाऊन अनइन्स्टॉल करायचं आणि रीस्टार्ट, विंडोज आपोआप परत टाकतं. पण हे करताना लोक यूएसबी कीबोर्ड जवळ ठेवत नाहीत आणि रीस्टार्टनंतर पिन टाकायच्या स्क्रीनवर अडकतात. तसे अडकलात तर उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या आयकॉनमधे ऑन-स्क्रीन कीबोर्ड असतो, माउसने पिन टाका. आणि ते "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमधे अपडेट" वालं सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका, लॅपटॉपचा कीबोर्ड बहुतेक वेळा विंडोजच्याच साध्या ड्रायव्हरवर चालतो, डिव्हाइस मॅनेजरमधे त्याचं नाव बरेचदा स्टँडर्ड पीएस/२ कीबोर्ड असंच असतं.

चहा सांडला असेल तर मात्र वरचं सगळं सोडा. पॉवर बटण दाबून धरून लगेच बंद करा, चालू फाइल सेव्ह करत बसू नका, चार्जर काढा, पुसून घ्या आणि लॅपटॉप उघडाच उलटा तंबूसारखा उभा करा म्हणजे पाणी कीबोर्डकडून खाली मदरबोर्डवर न जाता बाहेर निथळेल. तांदळात ठेवून काही होत नाही, उलट पिठूळ कण आत जातात. हेअर ड्रायरची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि बटणांचं प्लॅस्टिक वाकवते. सगळ्यात जास्त मदरबोर्ड मरतात ते "चालू होतोय का बघू" या अधीरतेने, ओल असताना करंट गेला की शॉर्ट. साधं पाणी असेल तर एखादवेळी वाळून निभावतं, पण साखरेचा चहा किंवा कोल्ड्रिंक असेल तर वाळल्यावर चिकट थर राहतो, आज बरं वाटतं आणि महिन्याभराने बटणं एकेक करून जायला लागतात. असं काही सांडलं असेल तर लॅपटॉप चालतोय म्हणून गप्प बसू नका, उघडून साफ करून घ्या.

मोजकीच बटणं गेली असतील तर कुठली ते कागदावर लिहून काढा. प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि एक रेष तुटली की त्या रेषेवरची सगळी बटणं एकदम जातात, दिसायला ती कीबोर्डवर इकडेतिकडे विखुरलेली असतात. अशा वेळी हवा मारून, घासून काही होणार नाही, रिबन केबल (कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी चपटी पट्टी) सैल झालीय का ते बघायचं, नाहीतर कीबोर्ड बदलायचा. एकच बटण अडकत असेल तर कचरा, लॅपटॉप तिरका धरून एअर कॅनने हवा मारा. स्क्रू ड्रायव्हर घालून बटण उचकटायचं नाही, खालची पातळ क्लिप तुटते, आणि स्पेसबारखाली तर तारही असते.

मधली बटणं कडक लागतायत, टचपॅड क्लिक होत नाही, झाकण सपाट बसत नाही, अशी लक्षणं एकत्र दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. तिथे दाबून बघणं बंद, चार्जिंग बंद, आणि टोचायचा विचार पण नको, लिथियम बॅटरी पेट घेते.

शेवटी बदलायचाच ठरला तर नुसत्या मॉडेलच्या नावावर ऑर्डर देऊ नका. एकाच मॉडेलमधे बॅकलाइटवाला आणि बिनबॅकलाइटचा असे दोन प्रकार येतात, दोघांच्या केबल वेगळ्या. जुना कीबोर्ड काढला की मागच्या स्टिकरवर पार्ट नंबर असतो, तो जुळवा. आणि तुमच्या मॉडेलमधे कीबोर्ड स्क्रूने बसवलाय का वरच्या पॅनलला प्लॅस्टिकने वितळवून चिकटवलाय ते आधी विचारून घ्या, दुसरा प्रकार असेल तर अख्खं पॅनल बदललेलंच परवडतं.